वैजनाथची सुट्टी

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

पाटी लागली! काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं — ‘सैनिक निवास’. खाली दोन नावं. वैजनाथ, भारतीय सेना. सुकन्या, सेना पोलीस. राहुरीहून कारागीर आणला होता, दोनदा पुसून पुसून बसवून घेतली.

ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. अंगणवाडीतली तीस पोरं सांभाळत मी घरची ही दोन घडवली. एका विधवेची दोन्ही लेकरं फौजेत, असं दुसरं घर दाखवा म्हणावं तालुक्यात!

शेजारची कडूबाई बघायला आली. “लई भारी दिसतीय, पुष्पाबाई,” म्हणाली. मी विचारलं, “तुमचा करण यंदा तरी पळतोय का भरतीला?” तिचा करण सोळाशे मीटरला तीनदा नापास. आता उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

१९ डिसेंबर

वैजूचा फोन. उद्या येतोय! का, किती दिवस, काही बोलला नाही. हरभऱ्याची डाळ भिजत घातली. पुरणपोळी करते.

२० डिसेंबर, शनिवार

काळी ट्रंक, होल्डॉल, दोन बॅगा. एवढं सामान सुट्टीला कोण आणतं? तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

जेवला. हात धुतले. मग म्हणाला, “आई, मला बोर्ड आउट केलंय.”

“म्हणजे?”

“मेडिकलवरून घरी पाठवलं. फिट येत्यात मला. वर्ष झालं. तिथं हास्पिटलात हुतो चार महिने. आता परत न्हाई जायचं.”

सात वर्षांची नोकरी. एवढा सहा फुटी गडी. फिट!

मी उठून आधी पुढचं दार लावलं. मग विचारलं, “गावात कुणाला बोललास?”

तो बघत राहिला माझ्याकडे. “न्हाई.”

“मग बोलायचं पण नाही. तू सुट्टीवर आलायस.”

त्याला वाटलं असेल मी जवळ घेईन. घेणार होते. पण आधी हे निस्तरायला नको का?

२४ डिसेंबर

सुकन्याचा फोन. तिला सगळं ठाऊक होतं! वर्षभर! बहीणभाऊ आपसात बोलतात आणि मी इथे पाट्या लावते.

“आई, तो आजारी हाय. चोरी करून न्हाई आला.”

“तुझं जमायचंय अजून. फिटवाल्याच्या बहिणीला कोण करून घेईल?”

“माझ्या नावावर खपवू नको,” म्हणाली. “तुला लाज वाटती, तसं सांग.”

फोन ठेवून दिला. फौजेत गेल्या की पोरींना जीभ फुटते.

३१ डिसेंबर

आप्पासाहेब आले होते. निवृत्त सुभेदार, गावच्या माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. वैजूला दहा प्रश्न — युनिट कुठं आहे, सीओ कोण, सुट्टी किती. वैजू खाली बघून “हो साहेब, न्हाई साहेब.” शेवटी मीच मध्ये पडले. “महिनाभर आहे. अठ्ठावीसला निघायचंय.”

तारीख तोंडातून निघाली आणि ठरून गेली.

सव्वीस जानेवारीला शाळेत माझा सत्कार आहे म्हणे! ‘आदर्श सैनिक माता’. आप्पासाहेब म्हणाले, “जवान शेजारी वर्दीत पायजे. पोरं बघतील.”

४ जानेवारी २०२६, रविवार

आज प्रत्यक्ष बघितलं. सकाळी अकराची वेळ. अंगणात शेंगा निवडत बसला होता. एकदम हात वाकडे झाले, घशातून बैलासारखा आवाज, आणि पडला. टाचा फरशीवर आपटत होत्या. तोंडाला फेस.

मी धावले. फाटकाकडे धावले. फाटक लावायला. हे लिहिताना हात थांबला होता, पण लिहिते. मी आधी फाटक लावलं.

कडूबाई मधल्या कुंपणाच्या तारा वाकवून आत आली. त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर दुमडून ठेवला. मी चप्पल हुंगवायला आणली तर माझा हात बाजूला केला. “ऱ्हाऊ द्या. आपोआप थांबतंय. आमच्या दिराला हुती.” थांबलं. विजार ओली झाली होती. तिने आमच्या दोरीवरचा टॉवेल ओढून त्याच्यावर टाकला.

“ऊन लागलं,” मी म्हणाले.

जानेवारीत.

ती “व्हय” म्हणाली आणि आली तशी कुंपणातून गेली. संध्याकाळपर्यंत वाट बघितली — आता गावभर होईल. काही झालं नाही. तिने तोंड उघडलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला. तिने बोंब मारली असती तर भांडता तरी आलं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत

वाणाला कडूबाईला बोलावलं नाही. वैजू म्हणाला, “आई, त्या मावशीला तिळगूळ देऊन येतो.” नको म्हटलं. तरी गेला. तासभर तिकडेच बसला. करणबरोबर हसण्याचा आवाज येत होता. इथे माझ्याशी दोन शब्द बोलत नाही.

२५ जानेवारी

वर्दीला इस्त्री केली. म्हणतो, “न्हाई घालणार. ती आता माझी न्हाई.”

“दोन तासांचा प्रश्न आहे.”

“आई, गुन्हा हाय त्यो.”

“आणि मी सात वर्षं ताठ मानेने चालले, ती मान खाली घालायला लावतोस, तो गुन्हा नाही? फिट तुला येते. मरते मी.”

बोलले मी असं. तो वर्दी उचलून घेऊन गेला.

२६ जानेवारी, सोमवार

काय तो मान! शाल, श्रीफळ, फेटा. सरपंचांनी माझ्या पाया पडावं! पोरांनी लेझीम केलं. मी भाषण केलं — “दोन मुलं देशाला दिली, तिसरा असता तर तोही दिला असता.” टाळ्या थांबेनात. आठ-दहा जणींचे डोळे ओले.

फक्त एक. पहिलीची पोरं वैजूसमोर रांगेत उभी राहिली, सगळ्यांनी सॅल्यूट केला. ह्याने हात उचलला नाही. मांडीला चिकटवून नुसता उभा. पोरांचे हात तसेच कपाळाला लागून राहिले, एक तर रडायला लागलं. आप्पासाहेबांनी पुढे होऊन सॅल्यूट घेतला आणि पोरं सुटली. स्टेजवरून उतरताना ते वैजूच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलले. काय म्हणाले विचारलं तर सांगेना.

घरी आल्यावर मी त्याला थोबाडीत मारली. अठ्ठावीस वर्षांच्या पोराला. गालावर बोटं उठली. त्याने वर्दीची बटणं एकेक करून सोडली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली. माझ्यासमोरच.

२८ जानेवारी, बुधवार

गेला.

टेम्पो दारात. ट्रंक, होल्डॉल, सगळं. गावाला वाटलं ड्यूटीवर चाललाय. बायांनी ओवाळलं. कुणीतरी ‘भारत माता की जय’ म्हटलं. मी पण म्हटलं.

पाठवलंय कोपरगावला. तिकडे आपलं कुणी नाही. माझ्या चुलतभावाच्या ओळखीने एका गोदामावर वॉचमन लावलाय, जवळच एका म्हातारीकडे खोली. रात्रपाळी. डॉक्टरांनी जागरण अजिबात नको म्हणून कागदावर लिहून दिलंय, ते मी वाचलंय. पण दिवसपाळीला कुणी ओळखलं तर?

निघताना पाया पडला. “येतो” म्हणतात. तो “जातो” म्हणाला.

९ फेब्रुवारी

कडूबाई विचारते, वैजूचा फोन येतो का. रोज येतो म्हटलं.

एकही नाही आला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सुकन्याचा फोन. आवाज बाईचा नव्हे, पोलिसाचा. मंगळवारी पहाटे गोदामाच्या पायरीवर फिट आली त्याला. पुढचे दोन दात तुटले, हनुवटीला सात टाके. घरमालकीण लंकाबाईने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस ती उशाशी होती.

“तिला तरी तुझा नंबर कुठनं मिळणार?” सुकन्या म्हणाली. “त्यानं दिलाच न्हाई. माझा दिला.”

“मी येते त्याच्याकडे.”

“कधी?”

महिला दिनाचा कार्यक्रम आठ मार्चला, तालुक्याला माझा सत्कार. त्यानंतर, म्हटलं.

फोन तिने ठेवला. मग मी किती वेळ तरी तसाच कानाला लावून उभी.

८ मार्च, रविवार

तालुक्याला सत्कार झाला. मोठा मंडप. बॅनरवर माझा फोटो आणि खाली छापलेलं ‘वीरमाता’. ही पदवी कुठल्या आईला देतात ते मला माहीत आहे. जिचा पोरगा तिरंग्यात गुंडाळून येतो तिला. फोनवर नाव कळवताना ऐकणाऱ्याने चुकीचं ऐकलं असेल. समोरच्या रांगेत एक बाई माझ्याकडे बघून डोळे पुसत होती.

मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. फोटो काढून घेतले.

घरी येऊन जेवले नाही. टाके काढले असतील का त्याचे?

१५ मार्च, रविवार

कोपरगावला जाऊन आले. पुरणपोळ्या नेल्या होत्या. वैजू ओट्यावर बसून लंकाबाईला मेथी निवडून देत होता. बारीक झालाय. हसला तेव्हा पुढचे दात नाहीत — हसला ते तिच्या कुठल्यातरी बोलण्यावर. मला बघून उठला. मी डबा पुढे केला.

“कोण हाय रं?” म्हातारीने विचारलं.

“आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई हायेत,” तो म्हणाला. “च्या ठेव, आई.”

म्हातारी माझ्याकडे वळली. “व्हय का, बाई? त्याच्या गावच्या का तुमी?”

मी हो म्हणाले.