सही आणि स्वाक्षरी

सोमवार, २ फेब्रुवारी
रविवारी माझ्या कवितासंग्रहाचं प्रकाशन. आजपासून सही बंद, स्वाक्षरी सुरू. सही कारकुनाची असते, स्वाक्षरी कवीची. माझी जुनी सही म्हणजे चिरडलेलं झुरळ.

मंगळवार
सराव. पहिल्या अक्षराची शेपटी खाली ओढून सगळ्या नावाला वळसा, शेवटी दोन टिंबं. टिंबं कशाला, असं हिने विचारलं. म्हटलं, कलेला कारण नसतं. विजेच्या बिलाची मागची बाजू भरली.
लेक हल्ली प्रगतिपुस्तकावर सही मागायला येत नाही. समंजस झाली पोर.

बुधवार
रजेच्या अर्जावर स्वाक्षरी केली. पेन गळतंय का, असं साहेबांनी विचारलं. अरसिक माणूस.

गुरुवार
लेक शाळेच्या पोहण्याच्या संघात! वर्षभर पहाटे उठून मेहनत केली तिने. बाहेरगावी स्पर्धा, त्यासाठी वडिलांचं संमतिपत्र हवं. झोकात स्वाक्षरी ठोकली. नेहमीसारखी करा ना बाबा, म्हणाली. बापाची किंमत घरात कुणाला असते?

शुक्रवार
संमतिपत्र परत आलं. वर बाईंचा शेरा: 'सही वडिलांची वाटत नाही.' उद्यापर्यंत खरी सही नाही, तर संघातून नाव कमी. पोर जेवलीसुद्धा नाही. यात माझी काहीच चूक नाही. उद्या शाळेत जाऊन बाईंना दाखवतोच.

शनिवार
बाईंनी प्रगतिपुस्तक उघडून समोर ठेवलं. अशी करून दाखवा, म्हणाल्या. तीनदा केली. हात आपोआप वळसा घेतो, टिंबं तर आवरतच नाहीत. प्रगतिपुस्तकातल्या सह्या मात्र सुबक, ठसठशीत. माझी सही इतकी चांगली कधी होती? लेकीकडे पाहिलं. ती पंख्याकडे बघत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. हे प्रगतिपुस्तक मी वर्षभरात हातातच घेतलं नव्हतं. ती मागायची तेव्हा मला कविता सुचत असायची.
बाईंना म्हटलं, चष्मा बाहेर राहिला. कागद घेऊन व्हरांड्यात आलो, लेक मागोमाग. तिने दप्तरावर कागद ठेवला आणि क्षणात सही केली. आत जाऊन बाईंना दिला. त्यांनी ताडून पाहिलं. हं, ही खरी, म्हणाल्या.
बाप म्हणून लाज वाटली. पण संघात नाव राहिलं.

रविवार, ८ फेब्रुवारी
प्रकाशन झालं. घरचेच लोक होते. शेवटी वॉचमन वही घेऊन सही मागायला आला. लगबगीने पेन काढलं. हॉलची किल्ली परत केल्याची वही निघाली.
घरी आल्यावर लेकीने आपली प्रत पुढे केली. स्वाक्षरी द्या, म्हणाली. डोळे भरून आले. मन लावून केली, वळसा, टिंबं, सगळं. तिने बराच वेळ निरखून पाहिली.
म्हणाली, वार्षिक निकालापर्यंत जमेल मला.