मोनार्क सिटी कुणाच्या हाती द्यावी

मी, व्हर्ना टेसार, कै. मायलो टेसार यांची पत्नी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार डॅल्बी, नेब्रास्का, कुणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी माझ्या वकील कॉरिन हाफ यांनी करावी. त्या माझे बोलणे मध्येच तोडत नाहीत, आणि वकिलात हा गुण दुर्मिळ आहे.

कलम १. थर्ड स्ट्रीटवरील राहते घर माझा भाचा लाइल यास द्यावे. हे घर मुळात डॅल्बीचे नाही. ते उत्तरेला, मोनार्क सिटीत बांधले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असे ते गाव. रेल्वेने मोनार्कला बगल देऊन डॅल्बीतून रूळ नेले, तेव्हा जमीन गोठण्याची वाट पाहून लोकांनी आपापली घरे ओंडक्यांवर चढवली आणि घोडे जुंपून इकडे ओढत आणली. माझी पणजी अँटोनी घरातून उतरायलाच तयार होईना. खिडकीतून नवऱ्याला म्हणाली, "सूप अजून कच्चं आहे. तू घोडे हाक, मी माझं बघते." धुराड्यातून धूर सोडत घर गावात शिरले. पण तोवर ऊन पडून चिखल झाला होता, घोड्यांना घर वळवता आले नाही, म्हणून जसे आले तसेच टेकवले. तेव्हापासून आमचा दर्शनी दरवाजा मागच्या गल्लीत उघडतो आणि पाहुणे स्वयंपाकघरातून घरात येतात. लाइलने रस्त्याकडे नवा दरवाजा पाडू नये. पाहुण्याला आधी कॉफीचा वास यावा, हेच बरे.

कलम २. बँकेतील शिल्लक डॅल्बीच्या चर्चला, छपराच्या दुरुस्तीसाठी द्यावी. अट अशी की दारावरची 'डॅल्बीकरांनी बांधले' ही पाटी आधी उतरवावी. हे चर्चही तिकडूनच ओढून आणलेले आहे. माहेर मोनार्क, सासर डॅल्बी. पाटी लावणारे गृहस्थ गेलन वेसेल. शाळेत इतिहास शिकवायचे, आता इथल्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष आहेत. एकदा चर्चच्या जेवणाला सगळे वर चिकन-नूडल्स खात असताना मी तळघराच्या फटीतून रांगत चर्चच्या फरशीखाली गेले. ओढून आणतानाचे ओंडके अजून तिथेच आहेत. तशीच वर येऊन गेलनच्या टेबलाशी उभी राहिले.

"गेलन, हात लावून आले. ओंडके आहेत खाली."

"व्हर्नाबाई, लाकूड कुठलंही असू शकतं. आधी तोंड धुवा, केसांत कोळी आहे तुमच्या."

"कोळी राहू दे. पाटी कधी बदलतोस?"

पाटी अजून तशीच आहे.

कलम ३. मायलोची टोकदार लोखंडी कांब माझ्याबरोबर पुरावी. यामागचा खुलासा असा: मोनार्क शोधायचे ते मे महिन्यात. घर ओढून नेता येते, दाराशी लावलेले लायलॅकचे झुडूप कोण उपटून नेणार? ती जांभळी झुडपे गवतात जिथल्या तिथे राहिली. झुडूप फुलले की तिथे कुणाचा तरी दरवाजा होता असे धरायचे आणि मागच्या अंगाला कांब रोवत जायचे. दगडाला टण् लागली की तळघर. दर रविवारी आम्ही दोघे जायचो. एकदा मायलो ओरडला, "अगं, हॉटेल सापडलं! खोली मिळते का विचार!" मग पुढे कितीतरी वर्षे आम्ही त्याच खड्ड्याच्या काठावर बसून अंड्याचे सँडविच खाल्ले. तेवढे सुख मला पुन्हा कशात मिळाले नाही. मोनार्कचे गावठाण आमच्याच शेतात येते, पण मायलोने त्या तुकड्यावर कधी नांगर घातला नाही. शेजारी चिडवायचे, "कशाला वळसा घालतोस रे? मोकळं तर आहे!" तो म्हणायचा, "रस्त्यावर माणसं आहेत."

कलम ४. बाकीची सर्व शेती लाइलला. गावठाणाचा तुकडा मात्र लाइलला नाही. पोरगा गुणी आहे, माझी औषधे तोच आणतो, पण त्याचा जीव मक्यात. "आत्या, आहे काय तिथे? चार खड्डे नि झुडपं. एका सकाळीत सपाट करतो बघ!" आणि करेलही. मग मोनार्क कुठे होते हे सांगायला काही उरणार नाही. राज्याच्या एका कचेरीत विचारले, तर उभी इमारत नसेल तर संरक्षण नाही, असे उत्तर आले. मला झोप लागेना.

सबब, मोनार्क सिटीची संपूर्ण जागा, दफनभूमीसह, मी गेलन वेसेल यांना देते.

होय, त्यालाच. कॉरिन यांनीही दोनदा विचारले. गेल्या वसंतात, माझे चालणे बंद झाल्यावर, तो भर पावसात दारात आला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"व्हर्नाबाई, लोहाराचं दुकान हॉटेलच्या पूर्वेलाच होतं. आत्ता बघून आलो."

"एवढ्या पावसात? वेडा आहेस का?"

"मग काय करू? उद्या तुम्ही गेलात की मी भांडू कुणाशी?"

असे म्हणून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी माझा निर्णय झाला. लोहाराच्या दुकानासाठी जो चिखल तुडवतो, तो तिथे नांगर चालू देणार नाही. हे त्याला माझ्यामागेच कळावे, नाहीतर भांडण सोडून माझ्याशी गोड वागू लागेल. तसेच, लोहाराचे दुकान पश्चिमेला होते, हे या कायदेशीर कागदावर कायमचे नमूद करते.

कलम ५. मला तिथल्या दफनभूमीत, मायलोशेजारी पुरावे. राहती माणसे घरे घेऊन गेली, पुरलेल्यांना कुणी नेले नाही. त्यांना थोडी सोबत होईल.

शेवटी ठिकाण. कॉरिन म्हणाल्या, "डॅल्बी लिहा. मोनार्क सिटी सरकारदरबारी नाही." म्हणून मी सर्वांना गाडीत घालून इथे आणले आहे. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही करते. झुडपे फुलली आहेत.

ठिकाण: मोनार्क सिटी, नेब्रास्का
दिनांक: १४ मे २०१३
सही: व्हर्ना टेसार

वरील बाईंनी पूर्ण शुद्धीत, आम्हा दोघांच्या देखत सही केली. आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष साक्ष घालतो.

१. डेलमार क्रेनेक, राहणार डॅल्बी.

२. आयोना ब्रन्स, राहणार डॅल्बी. मूळ गाव मोनार्क सिटी.

१. डेलमार क्रेनेक, कागद परत मागून घेऊन लिहितो: मूळ गाव मोनार्क सिटी.