डावी बाजू

सोम. २२ सप्टें.
ब्रेकला हात कोण लावतं, याबद्दल हे आणि ह्यांचा भाऊ, दोघे म्हातारे, खोटं बोलतात. म्हणून लिहून ठेवते. आज सक्करदरा चौकात ब्रेक दाबला आणि मामंजींची जुनी गाडी डावीकडे ओढली. मीच चालवत होते. रिक्षावाला शिव्या देऊन गेला. बरोबरच होतं त्याचं.
हे म्हणतात, "मी हातही नाही लावला. त्याले विचार." तो म्हणजे माझे दीर. मामंजी गेल्यापासून दोघा भावांचा अबोला.
दसऱ्याला आईंना, म्हणजे सासूबाईंना, दीक्षाभूमीला याच गाडीतून न्यायचं. जाताना थोरला चालवणार, येताना धाकटा. मामंजींचा नियम. आई नव्वदीच्या, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं. पण ब्रेक असे असतील तर मी त्यांना बसू देणार नाही.

गुरु. २५
काल भाऊजी बेसाहून, त्यांच्या घरून, येऊन आईंना भेटून गेले. हे घरी नसताना, नेहमीप्रमाणे.
आज गाडी उजवीकडे ओढते. ब्रेक ऑइल पुरेसं. गळती नाही. टायरची हवा सारखी.

शुक्र. २६
सापडलं. चाकामागे ब्रेक कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. डाव्या चाकांचे घासून चकचकीत, उजव्यांवर कोळ्याची जाळी. शेडमध्ये गाडीची उजवी बाजू भिंतीला लागून; बसायचं तेही डावीकडून सरकत. ह्यांना पेडल जरा दाबताच, वरच, ब्रेक लागलेला हवा, ते आवळतात. भाऊजींना खोल हवा, ते सैल करतात. दोघेही फक्त डावी बाजू. उजवीकडे पोट मावत नाही.
दोघांना विचारलं. मग रविवारी दोघांनी हजर राहायचं, असं बजावलं.

रवि. २८
गाडी रस्त्यावर काढली. ह्यांना डावीकडे बसवलं, भाऊजींना उजवीकडे. म्हटलं, चाक अडेपर्यंत आवळा, मग दोन्हीकडे सारख्या खाचा सोडा.
हे मला: "किती खाचा सोडल्या, विचार."
भाऊजी: "वहिनी, सांगा त्याले, चार."
मी सांगितलं नाही. आई अंगणातून, "काहून वं, कान गेले काय त्याचे?"
शेवटी भाऊजी चाकाला म्हणाले, "चार." डावीकडून चार खटके ऐकू आले.
बेसाला रिकाम्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये जोरात दाबून पाहिला. सरळ थांबली. ह्यांच्या मते खोल लागतो, भाऊजींच्या मते वर. म्हणजे ठीक आहे. स्क्रूड्रायव्हर दोन्ही जप्त.

गुरु. २ ऑक्टो.
दसरा. जाताना हे चालवत, भाऊजी मागे. पोलिसांनी अडवलं तिथून व्हीलचेअर. गर्दी फार, पण आईंनी वंदना नीट केली. निघताना म्हणाल्या, "झालं माझं."
परतीला हे भाऊजींसाठी किल्ली माझ्याकडे देऊ लागले. मी हात पुढे केला नाही. मग बॉनेटवर ठेवली. गाडीकडे बघत, "तिसरा गिअर अडते थोडा."
"माहीत आहे मले." भाऊजींनी उचलली.
आई सुखरूप घरी. गाडी शेडमध्ये. किल्ली एकच, ती भाऊजी बेसाला घेऊन गेले. गाडी काढायची तर आता ह्यांना भाऊजींनाच सांगावं लागेल, तरी ह्यांनी किल्ली मागितली नाही.