खंडेनवमीला बंद, दसऱ्याला चालू

८ सप्टेंबर, सोमवार

दिग्विजयने आज माझा नियम काढून टाकला! मला न विचारता. वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर – "वर्षाली मॅडमचं लॉजिक जरा जुनाट होतं."

हा आबाजींचा पुतण्या. आबाजी कारखान्याचे मालक, मी त्यांची कंत्राटी प्रोग्रामर, आणि पुतण्या जूनपासून 'डिजिटल हेड'. त्याच्याआधी इथे डिजिटल म्हणजे मी आणि एक सर्व्हर. हेडची उणीव दोघांनाही कधी भासली नव्हती.

नियम काय होता ते इथे तरी लिहून ठेवते, कारखान्यात कुणी ऐकत नाही. आम्ही स्कूटरच्या ब्रेकची पिन बनवतो. ज्या बड्या कंपनीला ती देतो, तिचा कॉम्प्युटर रोज आमच्या सर्व्हरला प्रश्न विचारतो – माल किती निघाला, तपासणीत किती पिना नापास झाल्या. प्रत्येक प्रश्नाला एक सर्व्हिस, म्हणजे एक खिडकी. आमचं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर आमचं सॉफ्टवेअर उभं आहे ते, स्वभावाने भोळं. कोडमध्ये जे उघडं दिसेल त्याची सर्व्हिस बनवायची आणि जगासाठी खुली करायची! मी त्याला शिस्त लावली होती. सर्व्हिस तयार होत असतानाच माझा नियम आडवा यायचा – हिच्यावर 'बाहेर दाखवा' अशी माझी खूण आहे? नसेल तर खिडकी नाही. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

दिग्विजयचं म्हणणं, खुणा कशाला? सगळं आपोआप पब्लिश व्हायला हवं, म्हणजे "मॅडमवर अवलंबून राहायला नको." आबाजींनी पाडव्याला शब्द दिला होता, दसऱ्याला तुला कायम करतो. आता कळलं वारं कुठे वाहतंय.

११ सप्टेंबर

आज डेमो. दिग्विजयने स्वतःच्या लॅपटॉपवर खिडक्या फटाफट उघडून दाखवल्या. आबाजींना ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मीही. नोकरीसाठी माणूस काय काय वाजवतो!

गंमत अशी, की खिडक्या घडतात त्या फक्त सर्व्हर सुरू होताना. आणि आमचा सर्व्हर पाडव्यापासून बंदच केलेला नाही – तो बंद झाला की गेटपास निघत नाहीत आणि गेटबाहेर टेम्पोंची रांग लागते. म्हणजे दिग्विजयचं नवं कोड सर्व्हरवर नुसतं पडून आहे आणि चालतोय माझाच जुनाट नियम! हे त्याला सांगितलं. ज्या दिवशी सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होईल, त्या दिवशी कच्चा आकडाही बाहेर दिसेल, हेही सांगितलं.

"मॅडम, निगेटिव्ह होऊ नका."

बरं. नाही होत.

कच्चा आकडा ही हिंदुरावांची कला. हिंदुराव आमचे तपासणी-प्रमुख. गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, खरोखर नापास झालेल्या पिना, तो कच्चा आकडा. मग हिंदुराव चहा पितात आणि त्याच पिना पुन्हा बघतात. चहानंतर बहुतेक पास! उरल्या त्यांचा पक्का आकडा, आणि कंपनीला तोच जातो. इतका गुणकारी चहा उभ्या एमआयडीसीत मिळायचा नाही. कच्च्यावर मी खूण केलेली नव्हती, म्हणून तो घरातल्या घरात राहायचा.

१४ सप्टेंबर, रविवार

स्वरूपाची कुरकुर. धाकट्या बहिणीला गणपतीत नवी स्कूटर हवी होती, घेतली. रोज मोशीहून आळंदीला बालवाडीत शिकवायला जाते. आता म्हणते ब्रेक सैल लागतो. शोरूमवाला म्हणाला, नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. मी म्हटलं, ब्रेक नाही, तुझा हात सैल आहे. बाईसाहेब रुसल्या. जेवल्या मात्र पोटभर.

२५ सप्टेंबर

आज नवरात्रातला पिवळा. सगळ्या बायकांनी पिवळं नेसून फोटो काढायचा, असं फर्मान. मधोमध पिवळ्या कुर्त्यात दिग्विजय.

फोटोनंतर आबाजींना कायम करण्याबद्दल विचारलं. "बघू. दिग्या काय म्हनतोय ते बघू."

मग झालंच! पुन्हा सीव्ही घेऊन माणच्या आयटी पार्कात पोराटोरांच्या रांगेत उभं राहायचं. कारखान्यात कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते – भीती वाटते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

प्रेस, लेथ, सगळी यंत्रं बंद करून पुसली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. आणि आबाजींना एकदम सर्व्हर आठवला! "त्यो बी यंत्रच हाय की. त्याला इसावा नगं?" आज माल निघणार नव्हताच, त्यामुळे गेटपासची अडचण नाही. दिग्विजय तर खूश – डिजिटल पूजा, फोटो टाकायला बरा.

मी म्हटलं, साहेब, उद्या चालू करताना नवं कोड उठेल, एकदा बघून घेऊ. आबाजी म्हणाले सणासुदीला अपशकुनी बोलू नगं. दिग्विजय नुसता हसला.

सर्व्हरच्या खोलीची किल्ली आमच्या इलेक्ट्रिशियनकडे, गुलजारभाईंकडे. ते बटणावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम, करू ना बंद?"

मी म्हटलं, करा. खरं सांगते, म्हणताना मजा वाटली.

२ ऑक्टोबर

दसरा. सर्व्हर चालू केला. तूर्त फक्त नारळ फुटलाय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फुटलं!

सकाळीच बड्या कंपनीच्या क्वालिटी विभागातून जास्मिन मॅडमचा हिंदुरावांना फोन, स्पीकरवर. त्यांच्या कॉम्प्युटरला काल आमच्याकडे नव्या खिडक्या दिसल्या, त्याने शहाण्यासारखं सगळीकडे विचारलं आणि सगळीकडून उत्तर आलं. अगदी गणपतीच्या आधीच्या मालापासूनचं. बाईंचा आवाज एकदम शांत. "हिंदुराव, एकाच मालाचे दोन आकडे दिसतायत. यातला खरा कुठला?"

हिंदुरावांना चहाही सुचेना. दिग्विजयला पुण्यात अर्जंट काम निघालं. मला इतका आनंद झाला की तोंड लपवायला वॉशरूममध्ये जावं लागलं.

मग आबाजींनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"पोरी, ती खिडकी बंद कर. तुझाच नियम बरा व्हता. सोमवारी तुझं पत्र काढतो."

टेम्पो थांबवून सर्व्हर बंद केला, माझा नियम परत घातला, चालू केला. कच्चा आकडा घरात! कंपनीला मेलही मीच लिहिला – चाचणीसाठीची माहिती चुकून दिसली, क्षमस्व. जास्मिन मॅडमचं उत्तर आलं, फक्त 'ओके'.

६ ऑक्टोबर

पत्र मिळालं! कायम! ऑफिसात पेढे वाटले. दिग्विजयला मुद्दाम दोन दिले. म्हटलं, निगेटिव्ह होऊ नका, घ्या. घरी येताना स्वरूपाच्या मागे बसून आले. भोसरीच्या सिग्नलला तिने गाडी पुढच्या रिक्षाला जवळजवळ टेकवलीच. मी पेढ्यांचा पुडा सांभाळत ओरडले – हात सैल!

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी स्वरूपाला शोरूमचा फोन. गाडी आहे तिथेच ठेवा, अजिबात चालवू नका, आम्ही टेम्पो पाठवतो. ब्रेकची पिन बदलायची आहे. कंपनीचं म्हणे आकडे बघून समाधान झालेलं नाही.

"बघ, मी म्हणत नव्हते?" एवढंच म्हणाली ती. पिन कोण बनवतं, ते तिला ठाऊक आहे. 

खिडकी एक दिवस उघडी राहिली म्हणून हा फोन आला. आणि ती बंद मी केली. पेढे वाटून.

कच्च्या आकड्यावर आज खूण केली. उद्या रविवार, कारखाना बंद. गुलजारभाईंना सांगून ठेवलंय, सर्व्हरच्या खोलीची किल्ली घेऊन या.