दोन्ही काठ दिसतील असा कॅमेरा

नंदनवन, नागपूर
१२ जानेवारी २०२६

ती. मोठेबाबांना रुचिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही सुपारीच्या डब्यात घालून ठेवता, म्हणून ही पत्राची मेहनत. पोस्टमनची वाट पाहत तुम्ही दारात उभे राहता असं मोठी आई सांगत होती, तेव्हा तक्रार करत नाही.

आपल्या विणकर समाजाचं अधिवेशन २२ फेब्रुवारीला ठरलं. तुम्ही स्टेजवर माग लावून करवती काठ विणून दाखवणार, हे समितीच्या मनोहररावांकडून कळलं आणि शूटिंगचं काम मी मागूनच घेतलं. तुमच्यानंतर आपल्या घरात हा काठ कोणाला येत नाही, मोठेबाबा. मला हिशेब येतात, मागावर बसून धाग्याचा धोटा टाकता येत नाही. निदान पुढच्या कोणाला पाहून शिकता येईल इतकं तरी राहायला हवं.

मोबाईलवर भरवसा नाही. तुमच्या पंकजदादाचा मोबाईल साक्षगंधात गरम होऊन बंद पडला, तोही नेमका अंगठीच्या वेळेला. म्हणून कॅमकॉर्डरच घेते आहे, आयुष्यातला पहिला. सदरमधल्या श्रीधरभाऊंच्या दुकानात माझ्या ऐपतीतले दोन जुने निघाले. एकाचा झूम असा की हॉलच्या टोकावरून साडीतला धागा मोजावा. दुसरा अगदी साधा, कडेला खरचटलेला. मी झूमवाला घेतला आहे. पंधरा दिवसांत बदलून मिळेल. रविवारी उमरेडला घेऊन येते.

मोठ्या आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

तुमची,
रुचिका

*

उमरेड
२० जानेवारी २०२६

चि. रुचिकास जागेश्वरचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तोंड पाडून गेलीस, ते मला बरं वाटलं नाही. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लावल्याशिवाय तुझी मोठी आई तिला हात लावू देत नाही. मिक्सरला लावलं, पंकजच्या स्कूटरला लावलं. कॅमेऱ्याचं कपाळ कोणतं, एवढंच तिने विचारलं होतं. तू समोरची बाजू दाखवलीस, तिने काचेवरच बोट टेकवलं. यात चूक कोणाची, ते मी ठरवत नाही. काच पुसून निघाली, पण हिच्या मनातून जात नाही. मी त्याच्या डोळ्यात कुंकू घातलं, आता त्याच्यापुढे येत नाही, असं म्हणून बसली आहे.

आता माझी तक्रार ऐक. तू घेतलेलं पंकजने टीव्हीवर लावलं. मी आहे, माझ्या नाकातले केसही आहेत, धागे तर खरंच मोजता येतात. पण ही कुठे आहे? भिंतीला टेकूनही दोघं मावत नाहीत म्हणालीस. अगं, स्टेजवर तरी कुठे जास्त जागा मिळणार? या काठाला तीन धोटे लागतात. मधला आणि माझ्याकडचा मी टाकतो, पलीकडच्या काठाचा ही टाकते. तुझ्या पिक्चरमध्ये तो धोटा भुताने फेकल्यासारखा येतो आहे. हे पाहून कोणी शिकायला बसला तर वाटेल की एकट्याचं काम आहे, आणि बिचारा डोकं फोडून घेईल.

तो झूम परत कर. दुकानात भिंतीला पाठ लावून उभी राहा आणि काउंटरची दोन्ही टोकं ज्यात दिसतील तो घे. खरचटलेला असला तरी चालेल, मीही खरचटलेलाच आहे.

धोटाच तर टाकते, माझं काय पाहायचं, असं ही म्हणते. सेहेचाळीस वर्षं हेच ऐकतो आहे. तिला बसवायचं माझ्याकडे लागलं.

उत्तर लवकर दे. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
मोठेबाबा

*

नंदनवन
२ फेब्रुवारी २०२६

ती. मोठेबाबांना सा. न. वि. वि.

मुदत संपायच्या आत बदलला. भिंतीला पाठ लावून मी काउंटर पाहत होते तेव्हा श्रीधरभाऊ म्हणाले की लोक जास्त झूमसाठी बदलायला येतात, कमी झूमसाठी आलेली तूच पहिली. खरचटलेल्यात दोन्ही टोकं आली, वर कोपऱ्यातली पाण्याची कॅनसुद्धा. न थांबता दोन तास चालतो, तेही घरी लावून पाहिलं.

एकच गोष्ट मनाला लागून आहे. कार्यक्रमपत्रिकेत तुमचं एकट्याचं नाव आहे. मनोहरराव म्हणतात, छापून झालं. आता मोठी आई बसली नाही तर ती कागदावरही नाही आणि कॅमेऱ्यातही नाही. मला खरंच धाकधूक आहे. काहीही करा, पण तिला आणा.

कृपादृष्टी असू द्या.

तुमची,
रुचिका

*

उमरेड
५ मार्च २०२६

चि. रुचिका हिले मोठ्या आईचा आशीर्वाद.

पंकज लिहून देतो म्हणे, पण हे त्याले सांगायचं नाही, म्हणून मीच लिहून राहिली. चवथी पास आहो, सांभाळून वाच.

त्या दिवशी मी खाली बायांमध्येच बसणार होती. पण तुझे मोठेबाबा मागावर हाताची घडी घालून बसले. मनोहरराव माइकवर म्हणे सुरू करा, तर हे म्हणे मले ऐकू येत नाही. तीनदा म्हटलं, तीनदा ऐकू आलं नाही. समदा हॉल हासून राहिला. मंग काय करतं वं, गेली वर. तू पाह्यलंच.

तू पाठवलेलं काल पंकजनं टीव्हीवर लावलं. कॅमेरा बदलला म्हणे, तरी कुंकवाचा डाग दिसते का ते पाहाले मी बसली होती. मंग डाग पाहाचं राहूनच गेलं.

काठावर नजर नसली तं धागा तुटते. म्हणून सेहेचाळीस वर्षं मी मान खाली घालूनच समोर बसली. मले वाटे, हेही काठच पाहून राह्यले. पण तुझ्या पिक्चरमध्ये हे हर खेपेले, हातातला धोटा टाकाच्या आधी, मान वर करतात अन् माझ्याकडे पाहतात. हर खेपेले, रुचिका. मी मोजत होती, मंग मोजणं सोडून देलं.

मी रातच्याले इचारलं, काहून पाहता? तं म्हणे, ऐकू येत नाही.

जीव लावतं तसाच लावत राह्य. अन् तो कॅमेरा घेऊन ये, या बारी कुंकू त्याच्या पाठीवर लावीन.

तुही मोठी आई,
रुख्माबाई