फाटकावरचा निरोप्या

प्रिय तराने,

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलेलं मला पुसता येतं. गेल्या पंधरवड्यात चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. तुझा मावसभाऊ परवा हॅम्बर्गला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देईन. सोबत तुझ्या आईने, इशरत खालांनी, वाळवलेल्या आलुबुखारांची पुरचुंडी आहे आणि लसणाच्या लोणच्याची बाटली. बाटली सामानात फुटली तर मला बोलू नकोस, मी नको म्हटलं होतं. इशरत खाला म्हणाल्या, "तू गप बस गं, तिकडच्या लसणाला काय लसूण म्हणतात?" मी गप्प बसले. हल्ली मी लगेच गप्प बसते. तुला खरं वाटणार नाही.

गेले काही शुक्रवार खाला फोनवर तुझ्याशी धड बोलत नव्हत्या, हे तुला जाणवलं असेलच. "भात चुलीवर आहे" म्हणून फोन ठेवायच्या. भात कुठे असायचा? मी समोरच बसलेली असायचे. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आज सरळ तिथवर पोचायची ताकद नाही. वाटेत थांबत थांबत येते.

ऑफिस अजून शिंप्याच्या दुकानावरच आहे. तुझ्या टेबलावर मी कुंड्या ठेवल्यात. शिंप्याचा कोंबडा, आपला सरदार, मागच्या हिवाळ्यात गेला. आपल्या प्रत्येक चाचणीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे आरवायचा, आणि तू म्हणायचीस, "याचं नाव बनवणाऱ्यांच्या यादीत टाकू." आता रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ होतात. ती ऐकताना मला बरं वाटत नाही. काम चालू आहे, म्हणजे बंद पडलेलं नाही इतकंच. वीज जाते, इंटरनेट जातं, दोन्ही एकदम आलं की डोकं जातं. चाळिशी लागली आहे, चष्मा सतत हरवतो, आणि शेचाळिसाव्या वर्षी मी एकटीच गेमच्या इंजिनासमोर बसून पानं हिरवी करत असते.

आपली चहाची बाग. तू आता मोठ्या कंपनीत मोठमोठे गेम करतेस, तुला ती आठवली तर हसू येईल. पडद्यावर लाहिजानची टेकडी, बोटाने पानं खुडायची, टोपली भरली की घरच्या कुणाचा तरी आवाज बोलायचा. लांब गेलेल्या मुलाचा, बहिणीचा, नवऱ्याचा. बस, एवढंच. पण ऐंशीच्या वर बायका रोज सकाळी चहाचा समोवार पेटवायच्या आणि फोन हातात घेऊन पानं खुडायला बसायच्या. आवाज आपण कुठे बाहेर साठवले नाहीत, ज्याच्या त्याच्या फोनमध्येच, गेमच्या पोटात ठेवले. इंटरनेट बंद पडलं तरी बाग उघडली पाहिजे, हा हट्ट तुझा होता. आणि बरोबर होता.

ते अकरा दिवस तुला आठवतात का? आपला गेम कुठल्याच ॲप-स्टोअरवर नव्हता, बायका एकमेकींच्या फोनवरून घ्यायच्या. मग सुधारलेली आवृत्ती त्यांच्यापर्यंत पोचवायची कशी? तू म्हणालीस, गेमनेच ती आणायची. गेम पॅकेज डाउनलोड करील आणि फोनला म्हणेल, घे, हे इन्स्टॉल कर. बोलायला सोपं. आपल्या इंजिनाला वारा वाहवता यायचा, पान हलवता यायचं, पण एक फाइल उचलून फोनच्या हातात द्यायची म्हटलं की ते ठोंब्यासारखं उभं राहायचं. पॅकेज उतरायचं, गेमच्या खाजगी कप्प्यात पडून राहायचं, आणि फोन म्हणायचा, मला दिसतच नाही. मग तू मधला पूल लिहिलास. कप्पा उघडा न टाकता तेवढी एक फाइल फोनला वाचायला उसनी द्यायची. अकराव्या दिवशी दुपारी फोनने पहिल्यांदा विचारलं, या ॲपला दुसरं ॲप इन्स्टॉल करायची परवानगी आहे का? तू खुर्चीवर उभी राहून ओरडलीस, "विचारतोय गं! विचारतोय!" खालून शिंपी ओरडला, "बायांनो, छत पाडता का?" आणि हे सगळं तू बागेच्या फाटकावरच, म्हणजे गेमच्या पहिल्याच पडद्यावर बसवलंस, आत नाही. म्हणालीस, बाग मोडली तरी चालेल, फाटकावरचा निरोप्या जिवंत राहिला पाहिजे.

पहिलं खरं रेकॉर्डिंग तुझ्या बाबांचं. त्यांना काय बोलावं तेच सुचेना. चहाच्या कारखान्यात तीस वर्षं पानं वाळवलेला माणूस, मायक्रोफोनपुढे शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला. नुसतं विचारत राहिले, "हे चालू झालंय का? तराने, लाल दिवा लागलाय, तो बरोबर आहे ना?" मग बराच वेळ काही नाही. मागे सरदार आरवला. आणि शेवटी, "इशरत, दारातली कुंडी आत घे, पाऊस येईल." पुन्हा करू या म्हटलं तर तू नको म्हणालीस. बाबा गेल्यावर खालांकडे त्यांचा तेवढाच आवाज राहिला. चाळीस सेकंद, त्यातले वीस गप्प. बाबा गेले तेव्हा तुला येता आलं नाही. मी खालांच्या शेजारी शोकाचे तिन्ही दिवस बसले, आणि तुला मात्र दोन ओळीही लिहिल्या नाहीत. वाट अजून बरीच आहे, पुढे जाते.

या वसंतात फोनांची सिस्टिम बदलली. नवरोजनंतर एकेकीच्या फोनमधली बाग उघडेनाशी झाली. फाटक यायचं, आत शिरलं की काळा पडदा. मी बाग दुरुस्त केली, तीन आठवडे लागले. नवं पॅकेज तयार करून निरोप्याच्या हाती दिलं. त्याने इमानदारीने नेलं, फोनने परवानगी विचारली, बायकांनी होय दाबलं, आणि फोन म्हणाला, इन्स्टॉल झालं नाही. कारण तुला ठाऊक आहे. सही करायची किल्ली तुझ्या कॉम्प्युटरमध्ये होती, आणि तो घेऊन तू गेलीस. मी नवी किल्ली करून सही केली होती. खालांना समजावताना म्हटलं, प्रत्येक पॅकेजवर बनवणाऱ्याची सही असते, ती जुन्या सहीशी जुळली नाही तर फोन नव्याला जुन्याच्या जागी बसू देत नाही. जुनं पुसून टाकलं तर नवं बसेल, पण जुन्याच्या पोटातलं सगळं जाईल. खाला म्हणाल्या, "म्हणजे कुणीही येऊन घराचा मालक आहे म्हणालं, तर फोन ऐकत नाही. तुझ्यापेक्षा तो शहाणा आहे."

मी थकले होते, तराने. हे काही कारण नाही, पण खरं आहे. रोज दहा फोन यायचे, बाग कुठे गेली, माझी मुलगी कुठे गेली. शेवटी मी एकेकीला सांगायला लागले की जुनं पुसा, नवं घ्या, आवाज पुन्हा रेकॉर्ड करून मागवा. आणि प्रत्येकीला हेही सांगितलं की किल्ली तरानेने नेली. चौसष्ट जणींनी पुसलं. तूबा खानमने माझ्यासमोर, याच ऑफिसात पुसलं. तिच्याकडे नातवाचा आवाज होता, आवाज फुटण्याआधीचा. तो आता मेलबर्नला आहे, पुरुषासारखा बोलतो. तिने विचारलं, "पोरी, हे दाबलं की तो जातो ना?" मी हो म्हटलं. तिने डोक्यावरच्या चादोरीच्या टोकाने आधी पडदा पुसला, मग दाबलं.

खालांनी नाही पुसलं. म्हणाल्या, "माझा नवरा आत आहे. अंधारात आहे तर अंधारात. मी फाटकाशी बसेन." आणि खरंच बसायच्या. रोज सकाळी फोन उघडून फाटक बघायच्या, चहा प्यायच्या, बंद करायच्या.

आता तो डबा. निघायच्या दिवशी तू वर आलीस, हातात लाहिजानच्या चहाचा पत्र्याचा डबा. खाली गाडी उभी होती, तुझा मामा हॉर्न वाजवत होता. मी पाठ करून बसले होते. वीस वर्षांपासूनची मैत्रीण मला अर्ध्या बागेत सोडून निघाली होती, मी कशाला वळू? तू म्हणालीस, "चहा आहे. आजच उघड, फरंगीस. ठेवून देऊ नकोस." मी म्हटलं, "ठेव तिथे." तू थोडी थांबलीस, काहीतरी बोलायला तोंड उघडलं असणार, मला पाठमोरीला काय दिसणार? मी खाली आले नाही. तू सुखरूप परत यावंस म्हणून गाडीमागे पाणी ओतायला तुझी आई होती, मला ती पाण्याची वाटी धरायला सांगणार होती म्हणे. डबा मी कपाटावर टाकला. मनाशी म्हटलं, हिचा चहा मी पिणार नाही. तीन वर्षं सात महिने नाही प्यायले.

मागच्या महिन्यात खाला ऑफिसात आल्या. चहा संपला होता. मी आणायला निघाले तर त्यांना डबा दिसला. "हा भरलेला डबा असताना दुकानात चाललीस? एवढा माज?" म्हणत त्यांनी स्टुलावर चढून तो काढला. शिळा चहा होता, तरी वास राहिला होता. चमचा आत घातला आणि खट् असं वाजलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेन ड्राइव्ह, आणि तुझी चिठ्ठी. "किल्लीची प्रत. पासवर्ड तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण रागात तू विसरशील. सरदारचं नाव आणि ते अकरा दिवस." मी जमिनीवर बसले. खालांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, मग समोवारचं पाणी बघायला गेल्या. पाठ माझ्याकडे होती.

त्याच दुपारी मी जुन्या किल्लीने सही केली. खालांनी फोन उघडला, फाटकावर निरोप्या आला, नवं पॅकेज उतरलं, फोनने विचारलं. खालांनी चष्मा लावून प्रश्न मोठ्याने वाचला आणि फोनला म्हणाल्या, "आहे बाबा, आहे परवानगी." इन्स्टॉल झालं. बागेत ऊन होतं. टोपली भरायला त्यांना खूप वेळ लागला, मी मदत केली नाही. मग लाल दिवा, मग तो लांब गप्पपणा, मग सरदार, मग, इशरत, दारातली कुंडी आत घे. खाला उठल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. त्या जिन्यावर गेल्या, माझी एक कुंडी उचलून आत घेऊन आल्या आणि तुझ्या टेबलावर ठेवली.

ज्यांनी आळसाने किंवा हट्टाने पुसलं नव्हतं, अशा अजून अठरा जणींची बाग परत आली. चौसष्ट जणींची आली नाही, येणारही नाही.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी चार वेळा लिहून पुसलं. बाग बंद पडली तेव्हा खालांनी मला विचारलं होतं, "तरानेकडे किल्ली मागितलीस का? मी शुक्रवारी विचारू?" मी म्हटलं, विचारायची गरज नाही, मी तीनदा लिहिलं, ती उत्तर देत नाही. सगळ्या बायकांनाही हेच सांगितलं. मी तुला कधीच लिहिलं नव्हतं, तराने. एकदाही नाही. ते तीन निरोप खोटे होते. तुझ्यापुढे हात पसरायचा नव्हता, म्हणून मी तुझ्या आईला पटवलं की तुझ्या बाबांच्या आवाजाची तुला पर्वा नाही, आणि म्हणून तिच्या चुलीवर दर शुक्रवारी भात शिजत होता. तू साधं पॅकेजसुद्धा विचारल्याशिवाय कुणाच्या फोनवर बसू नये म्हणून अकरा दिवस घासलेस, आणि मी तुला विचारलं नाही. किल्ली माझ्या डोक्यावर कपाटावर होती, हे खालांना कळलं आहे. पण मी विचारलंच नव्हतं, हे त्यांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, डबा सापडला तरी तू माझ्या तीन निरोपांना उत्तर का दिलं नाहीस हा प्रश्न उरतोच. त्यांनी तो तुला विचारलेला नाही, आणि मला रोज त्यांच्या तोंडावर दिसतो. पत्र पाकिटात घातलं की मी त्यांच्याकडे जाते आहे, सांगायला. उद्या तूबा खानमकडे, मग यादीतल्या एकेकीकडे. चौसष्ट दारं आहेत, गुडघे दुखतात, पण फोनवर सांगण्यासारखं हे नाही. ज्यांना मी तुझं नाव सांगितलं होतं, त्यांना माझं सांगायचं आहे, आणि त्याआधी तुला सांगायला हवं होतं. माफ कर असं लिहीत नाही. त्याचं उत्तर देण्याचं ओझं तुझ्यावर नको. शुक्रवारी फोन कर. भात चुलीवर नसेल.

तुझीच,
फरंगीस