अठ्ठाविसावा आठवडा

प्रिय टोवे,

नाताळच्या कार्डावर मावेल त्याहून जास्त मी तुला नऊ वर्षांत लिहिलेलं नाही. त्यामुळे पाकीट जाड बघून आधी तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. गेर्डा आत्या नव्वदीतही ठणठणीत आहे आणि अजून सगळ्यांना बोल लावते. मी सुट्टीचं ठरवते आहे, एवढंच. जुलैत किनाऱ्यावरचं बाबांचं नेहमीचं घर आठवडाभर घेतलंय आणि तू यावंस असं मला वाटतं. आली नाहीस तरी मी समजू शकेन, पण ये.

घरमालक विलाड्सचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. म्हणाला, "बोडिल, घ्यायचं तर याच वर्षी घे. ऑक्टोबरात पाडतायत. समुद्रानं माझी बाग खाल्ली, आता त्याचा डोळा स्वयंपाकघरावर आहे." मी म्हटलं, घेते. त्यावर तो म्हणाला, "धाकटी बहीण येणार का? नाहीतर एवढ्या मोठ्या घरात तू एकटी काय करणार, भिंतींशी भांडणार?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला. अंगणातली झेंड्याची काठी कड्यापासून आता चार पावलांवर उरलीय म्हणे.

दुपारचे साडेतीन वाजलेत आणि बाहेर अंधार पडायला लागलाय. जानेवारीचा हा महिना तुला कधीच सोसला नाही. मी मेणबत्ती लावून, कॉफी घेऊन यादी करत बसले आहे. चादरी आणि टॉवेल आपले आपण न्यायचे. राईचा पाव इथूनच नेणार, तिथला तुला कोरडा लागतो. नवे बटाटे वाटेवरच्या टपरीतून घेऊ. ताकाचं ते थंड गोड सार मी करीन, आणि बिस्किटं चुरायची ती वाडग्यात, आधी नाही. बाबा त्यावरून किती वाद घालायचे. "भिजलेलं बिस्किट दात नसलेल्यांसाठी," म्हणायचे, आणि शेवटी स्वतःचे दात गेल्यावरही कोरडंच खायचे. तू हसायचीस आणि मग तेही हसायचे. मी तेच वाक्य बोलले तर मात्र म्हणायचे, "बोडिल, मीठ कुठे ठेवलंस?"

हे मी गमतीनं लिहायला घेतलं होतं, पण लिहिताना तसं वाटत नाहीये. अकरा वर्षं मी त्यांचं केलं, टोवे. त्यांची नखं कापली, मोजे चढवले, डॉक्टरांकडे नेलं, रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तू दर तीन वर्षांनी कॅनडातून, विनिपेगहून यायचीस आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड यायचा तो माझ्यासाठी एकदाही आला नाही. तुझा त्यात काही दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला तुझा हेवा वाटायचा, आणि हेव्याबरोबर रागही यायचा.

तो शेवटचा उन्हाळा आठव. दर खेपेला मी तुला तारीख लिहायचे, वेळसुद्धा. त्या वर्षी नुसतं लिहिलं, "अठ्ठाविसावा आठवडा." आपल्याकडे सगळं जग आठवड्यांच्या आकड्यांवर चालतं आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. फक्त भाड्याच्या घरांचा आठवडा आदल्या शनिवारी सुरू होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सव्वीस वर्षं परदेशात राहिलेल्या माणसाच्या ध्यानात ते राहील असं नाही. मी बाबांना घेऊन शनिवारी गेले. गेल्या गेल्या त्यांनी झेंडा मागितला, मी दिला, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि काठीजवळच्या खुर्चीत बसले. "टोवे आली की चढवू," म्हणाले. मी म्हटलं, वारा छान आहे, आत्ताच चढवू या. "घाई काय आहे तुला? पाहुणा आल्याशिवाय झेंडा कसला?"

चार वाजता त्यांनी विचारलं, विमान उशिरा आहे का. सहा वाजता म्हणाले, "फोन लाव तिला." मी आत जाऊन फोनजवळ दोन मिनिटं नुसती उभी राहिले आणि बाहेर येऊन सांगितलं, लागत नाही. रात्री जेवले नाहीत. रविवारी सकाळी पुन्हा त्याच खुर्चीत. "विसरली असेल," म्हणाले, रागानं नाही, आणि मी त्यांना विसरली म्हणू दिलं. दुपारी मी कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते. झेंडा मांडीवरच होता, घडीसुद्धा मोडली नव्हती.

सोमवारी तुझी टॅक्सी वळणावर आली तेव्हा तुला पहिल्यांदा दिसला तो अर्ध्यावर उतरवलेला झेंडा. तुझा चेहरा मी खिडकीतून पाहिला होता. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला गेर्डा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "कॅनडात शनिवार नसतो वाटतं." लोक कसनुसे हसले. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "पण मी कार्ड पाठवलं होतं ना, सोमवारचं तिकीट म्हणून?" आणि मी म्हणाले, मला काही मिळालं नाही.

ते कार्ड या पत्रासोबत ठेवलंय. आम्ही निघायच्या तीन आठवडे आधी ते मला मिळालं होतं. तू त्यात लिहिलंयस, 'सोमवारी दुपारी पोहोचते, चूक असेल तर लगेच कळव, बाबांना वाट बघायला लावायची नाही.' मी ते वाचलं आणि शिवणाच्या डब्यात तळाशी ठेवलं. मला फक्त दोन दिवस हवे होते, ते नुसते माझे असलेले. ते मिळाले, आणि दोन्ही दिवस ते तुझीच वाट बघत बसले. तू विसरली नव्हतीस. हे त्यांना सांगता येणार नाही म्हणून तुला सांगते आहे, आणि गेर्डा आत्याला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिला लिही." घर शनिवारी, पाच जुलैला दुपारी तीनपासून आपलं आहे. या वेळी तारीख लिहिली आहे. झेंडा मी घेऊन येईन आणि त्याच खुर्चीत मांडीवर घेऊन बसेन. तू आल्याशिवाय तो चढवणार नाही.

वाट पाहणारी, तुझीच,
बोडिल